नवा लॅपटॉप घेताना : एसएसडी की हार्ड डिस्क?

बारावीचे निकाल लागले, मुलामुलींचे प्रवेश झाले की आपल्या वस्त्यांमधून एक नवा खर्च उभा राहतो. तो म्हणजे लॅपटॉप. पूर्वी ही वस्तू चैनीची वाटत होती. आज शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा, परीक्षेचा अर्ज ऑनलाइन, कॉलेजचा प्रोजेक्ट टाईप करून द्यायचा, नोकरीची मुलाखतसुद्धा पडद्यावर होते. तेव्हा ताडीवाला रोड असो, येरवडा असो, दांडेकर पूल असो की बोपोडी असो, आईची भिशी, वडिलांची पतपेढीतली उचल आणि मोठ्या भावाचा बोनस एकत्र करून घरात लॅपटॉप येतो. घामाचा पैसा आहे. तो योग्य ठिकाणी पडला पाहिजे.

दुकानात गेल्यावर मात्र आपली गाडी एका शब्दावर अडते. दुकानदार म्हणतो, "याच्यात एक टीबी हार्ड डिस्क आहे, त्याच्यात २५६ची एसएसडी आहे. किंमत जवळपास सारखीच." आपण गणित करतो की एक टीबी म्हणजे हजार जीबी, म्हणजे चौपट माल. भाजी घेताना जो हिशेब लावतो तोच इथे लावतो आणि मोठा आकडा घरी आणतो. मग वर्षभरात मुलगी तक्रार करते की लॅपटॉप चालू व्हायलाच चहा उकळून होईल एवढा वेळ लागतो.

या प्रश्नावर आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. लॅपटॉपच्या पोटात एसएसडी असावी, आकडा लहान असला तरी चालेल. हार्ड डिस्क घ्यायचीच असेल तर ती बाहेरची घ्यावी, कपाटात ठेवण्यासाठी आणि प्रती काढण्यासाठी. तिसरी गोष्ट या दोन्हींपेक्षा महत्त्वाची आहे. एसएसडी काय आणि हार्ड डिस्क काय, दोन्ही फक्त साठवतात. जपण्याचे काम आपल्यालाच करावे लागते.

आता हे आम्ही सांगितले म्हणून मानू नका. दुकानदाराने सांगितले म्हणूनही मानू नका. तथागतांनी कालामांना जो उपदेश केला तो बाजारहाट करतानाही उपयोगी पडतो. ऐकीव गोष्टीवर विसंबू नये, स्वतः पारखून घ्यावे. म्हणून या दोन वस्तू काय आहेत ते आधी समजून घेऊ.

हार्ड डिस्क म्हणजे काय?

ज्यांनी ग्रामोफोन पाहिला आहे त्यांना हार्ड डिस्क लगेच कळेल. आत एक किंवा अधिक गुळगुळीत तबकड्या असतात आणि त्यांवर चुंबकीय थर असतो. तबकडी गरगर फिरते आणि सुईसारखा एक लहान दांडा तिच्यावरून पुढेमागे सरकत मजकूर वाचतो व लिहितो. फरक एवढाच की ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते आणि हार्ड डिस्कचे टोक टेकत नाही. ते हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगते. हे अंतर माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी कमी असते.

या यंत्राचा जन्म आपल्या लक्षात राहावा असा आहे. अमेरिकेतील आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क असलेला रॅमॅक हा संगणक सप्टेंबर १९५६ मध्ये जाहीर केला. त्यानंतर एका महिन्याने, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्या पहिल्या डिस्कमध्ये दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन एक टनाच्या आसपास होते आणि तिच्यात सुमारे ५० लाख अक्षरे मावत होती. म्हणजे आज मोबाईलवर काढलेला एखादा फोटोच त्यात मावला असता. तेव्हापासून हे यंत्र लहान होत होत तळहातावर आले आणि त्याची जागा लाखो पटींनी वाढली. तत्त्व मात्र तेच राहिले. तबकडी फिरते आणि टोक सरकते.

एसएसडी म्हणजे काय?

एसएसडीत फिरणारे काहीच नसते. मोबाईलमधले मेमरी कार्ड किंवा पेनड्राइव्ह ज्या जातीचे, त्याच जातीचे पण बरेच दर्जेदार असे हे सर्किट आहे. अगदी बारीक कप्प्यांमध्ये विजेचा भार कोंडून ठेवला जातो आणि वीज बंद केली तरी तो तिथेच राहतो. या फ्लॅश मेमरीची कल्पना जपानच्या तोशिबा कंपनीतील अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात मांडली. सुरुवातीला ही वस्तू इतकी महाग होती की १९९१ साली अवघ्या २० एमबीच्या एसएसडीला सुमारे हजार डॉलर पडत. आज सामान्य माणसाच्या लॅपटॉपमध्येही ती बसते.

वेगाचा फरक किती?

लॅपटॉपमधली नेहमीची हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते. ऐकायला हे फार वाटते. पण तिला एका जागेचा मजकूर वाचून दुसऱ्या जागेवर जायचे असेल तर टोक सरकवावे लागते आणि हवा तो भाग फिरून खाली येईपर्यंत थांबावे लागते. या खटपटीमुळे इकडचे-तिकडचे तुकडे वाचताना तिला सेकंदाला साठ-सत्तर तुकड्यांपलीकडे जाता येत नाही. साधी एसएसडी तेवढ्याच वेळात हजारो तुकडे वाचते, कारण तिला सरकायचेही नसते आणि थांबायचेही नसते.

लॅपटॉप चालू होताना नेमके हेच काम असते. विंडोजच्या हजारो लहान-लहान फाइली उघडायच्या असतात. म्हणून हार्ड डिस्कवर दोन-तीन मिनिटे जातात, तर एसएसडीवर ते काम काही सेकंदांत होते. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख आहे, लाईट आत्ताच आली आहे आणि पुन्हा जाण्याचा भरवसा नाही, अशा वेळी या मिनिटांची किंमत कळते. एकाच लॅपटॉपवर सकाळी मुलगी, दुपारी मुलगा आणि रात्री वडील काम करतात अशा घरात तर ती रोज कळते.

इथे एक गल्लत टाळावी. दुकानातल्या पाटीवर '८ जीबी / ५१२ जीबी' असे दोन आकडे असतात. पहिला आकडा रॅमचा असतो. रॅम म्हणजे काम करताना समोर मांडलेले टेबल, आणि डिस्क म्हणजे मागचे कपाट. टेबल लहान असेल तर कपाट कितीही चांगले असले तरी अडचण होते. आज ८ जीबीपेक्षा कमी रॅमचा लॅपटॉप घेऊ नये.

धक्का, वीज आणि पुण्याचे रस्ते

आपली मुले लॅपटॉप पाठीला लावून पीएमपीच्या गर्दीत उभी राहतात किंवा मित्राच्या दुचाकीवर मागे बसतात. गतिरोधक आणि खड्डे यांचे पुण्यात काही कमी नाही. हार्ड डिस्क फिरत असताना जोराचा धक्का बसला तर तरंगणारे टोक तबकडीवर आपटते आणि तिच्यावर चरा पडतो. त्या चऱ्याखालचा मजकूर गेला तो गेलाच. लॅपटॉप पूर्ण बंद करून पिशवीत ठेवला तर धोका बराच कमी होतो, पण घाईत पडदा मिटवून पळणारी मुलेच जास्त. एसएसडीत आपटण्यासारखे काही नसल्याने ती या बाबतीत निर्धास्त आहे. शिवाय ती आवाज करत नाही, कमी तापते आणि बॅटरीही थोडी कमी खाते.

जागा किती लागते?

"२५६ जीबीत काय होणार?" असे पुष्कळ जण विचारतात. त्याचाही हिशेब करून पाहू.

पालि तिपिटकाची देवनागरी आवृत्ती भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली नालंदा येथून ४१ खंडांत निघाली. एवढे सगळे खंड घरात ठेवायचे तर एक कपाट लागेल. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने १९९०च्या दशकात संपूर्ण तिपिटक अट्ठकथांसह एका सीडीवर आणले. सीडीची जागा सुमारे ६५० एमबी, म्हणजे एक जीबीसुद्धा नाही. मुलाच्या पूर्ण पदवीच्या नोट्स, प्रोजेक्ट आणि पुस्तकांच्या फाइली मिळून दहा-वीस जीबी झाल्या तरी खूप. विंडोज आणि नेहमीचे प्रोग्रॅम पन्नास-साठ जीबी घेतात. म्हणजे अभ्यासापुरत्या वापराला २५६ जीबी पुरते आणि ५१२ जीबीत ऐसपैस होते.

जागा खातात ते फोटो आणि त्याहून जास्त व्हिडिओ. दहा हजार फोटो तीस-चाळीस जीबीत बसतात. मोबाईलवर घेतलेला एका तासाचा व्हिडिओ मात्र एकटाच चार ते आठ जीबी घेतो. लग्नाचे चित्रीकरण, जयंतीची मिरवणूक, विहारातील प्रवचने हे सगळे लॅपटॉपच्या पोटात कोंबण्याची गरज नाही. ते रोज लागत नाही. त्यासाठी बाहेरची हार्ड डिस्क घ्यावी, कारण तेवढ्या पैशात जास्त जागा हार्ड डिस्कमध्येच मिळते. तेव्हा हार्ड डिस्क निकामी झाली असे मुळीच नाही. फोटो स्टुडिओवाले, सीसीटीव्ही बसवणारे, विहाराच्या कार्यक्रमांचे चित्रीकरण सांभाळणारे कार्यकर्ते यांना ती आजही लागते.

एसएसडीचेही दोष आहेत

एका बाजूचेच सांगणे आम्हाला मान्य नाही. एसएसडीच्या कप्प्यांवर किती वेळा लिहिता येईल याला मर्यादा असते. कंपन्या ती टीबीडब्ल्यू या नावाने देतात. ५०० जीबीच्या कित्येक चांगल्या एसएसडीवर हा आकडा ३०० असतो, म्हणजे एकूण ३०० टीबी मजकूर लिहून होईपर्यंत कंपनीची हमी. रोज ३० जीबी लिहिले तरी तिथवर पोहोचायला सत्तावीस वर्षे लागतील, आणि घरच्या वापरात एवढे कोणी लिहीतही नाही. म्हणून ही भीती मनातून काढून टाकावी.

खरा दोष दुसरा आहे. हार्ड डिस्क बिघडण्याआधी पुष्कळदा खडखड आवाज करते, फाइल उघडायला वेळ लावते, म्हणजे काही सूचना देते. एसएसडी पुष्कळदा सूचना न देता एका दिवसात बंद पडते. तिच्यावरून पुसलेली फाइल परत मिळवणेही फार अवघड, कारण पुसलेली जागा ती आपणहून साफ करून टाकते. शिवाय एसएसडी वर्षानुवर्षे विजेशिवाय ट्रंकेत ठेवून देण्याची वस्तू नाही. कोंडलेला विजेचा भार हळूहळू गळतो आणि उष्णतेत तो लवकर गळतो. पत्र्याच्या घरात एप्रिल-मे महिन्यात किती तापते ते आपल्याला वेगळे सांगायला नको. पेनड्राइव्हलाही हेच लागू आहे. म्हणून कायमची प्रत फक्त पेनड्राइव्हवर ठेवून निर्धास्त होऊ नये.

आणखी एक गोष्ट नव्या लॅपटॉपवाल्यांनी ध्यानात ठेवावी. विंडोज ११ असलेले पुष्कळ लॅपटॉप पहिल्याच दिवशी डिस्कला आपोआप कुलूप लावतात. त्याची ४८ आकडी किल्ली आपल्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. पुष्कळदा दुकानातला मुलगाच स्वतःच्या ईमेलवर खाते उघडून देतो. पुढे मशीन अडकले आणि ती किल्ली मागू लागले तर आपलाच मजकूर आपल्याला परका होतो. खाते मुलाच्या किंवा मुलीच्या नावाने उघडावे आणि किल्ली वहीत लिहून ठेवावी.

जपण्याचे काम

आता मुख्य मुद्दा. आपल्या घरांतल्या लॅपटॉपमध्ये काय असते? आधार कार्ड, गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पडताळणीचे प्रमाणपत्र. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रात मिळू लागल्या. त्या मिळवताना आजही कागदच दाखवावे लागतात. जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५०च्या आधीचा पुरावा मागतात. आजोबांचा गावच्या शाळेतला जीर्ण दाखला, पणजोबांची एखादी महसुली नोंद, यांच्यावर नातवाचा प्रवेश आणि नोकरी अवलंबून असते. असा कागद एकदाच मिळतो. तो एकाच ट्रंकेत किंवा एकाच लॅपटॉपमध्ये ठेवणे म्हणजे सगळे घर एका खिळ्याला टांगणे होय.

पुणेकरांना हे सांगण्याची गरज पडू नये. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतली हजारो घरे पाण्याखाली गेली. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, माणसे गेली, संसार वाहून गेले. पाणी ओसरल्यावर चिखलातून भांडी सापडतात, कागद सापडत नाही. पुन्हा दाखले काढण्यासाठी रोजगार बुडवून किती खेटे घालावे लागतात ते ज्याचे त्याला ठाऊक.

आपल्या चळवळीनेही हे दुःख भोगले आहे. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९६७च्या जानेवारीत, दिल्लीच्या २६, अलीपूर रोड येथील बंगल्यातील सामान बाहेर काढले गेले. कागदपत्रे उघड्यावर पडली आणि पावसात भिजली. ही हकिकत त्यांचे सचिव नानकचंद रत्तू यांनी लिहून ठेवली आहे. जे वाचले त्यातले पुष्कळसे पुढे वसंत मून यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेत आले आणि १९७९पासून खंडांच्या रूपाने घरोघर पोहोचले. जे भिजून गेले ते कोणालाच परत आणता आले नाही. त्याची दुसरी प्रत नव्हती.

याच्या उलट उदाहरण धम्माचे आहे. बुद्धवचन शतकानुशतके भिक्खूंच्या स्मरणात होते. परंपरा सांगते की श्रीलंकेत दुष्काळ आणि युद्ध ओढवले, पाठ करणारे भिक्खूच मरू लागले, तेव्हा राजा वट्टगामणीच्या काळात, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, आलुविहार येथे तिपिटक ताडपत्रांवर लिहून काढले गेले. पुढे भारतातली विहारे उजाड झाली, नालंदाचे ग्रंथालय नष्ट झाले. पण श्रीलंका, ब्रह्मदेश आणि सयाम येथे प्रती होत्या. चीन आणि तिबेटमध्ये भाषांतरे होती. जे मायभूमीत नाहीसे झाले ते परदेशातून परत आले, आणि म्हणून आज आपण वंदना म्हणू शकतो. ताडपत्र काही अमर नव्हते. वाळवी त्यालाही लागते. पण एक प्रत खराब होण्याआधी भिक्खू दुसरी लिहीत आणि ती दूरच्या विहारात पाठवत, म्हणून ग्रंथ टिकला.

संगणकवाले आज जो नियम सांगतात तो हाच आहे. तीन प्रती असाव्यात, दोन वेगवेगळ्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक घराबाहेर असावी. आपल्या घरापुरती त्याची मांडणी अशी करता येईल :

पहिली प्रत लॅपटॉपच्या एसएसडीवर.

दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर. ती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवावी. काम झाले की लगेच काढून ठेवावी, लॅपटॉपला लावून ठेवू नये. नाहीतर व्हायरस आला किंवा विजेचा झटका बसला तर दोन्ही एकदम जातील.

तिसरी प्रत घराबाहेर. सरकारच्या डिजिलॉकरमध्ये मिळतील ते दाखले तिथे घ्यावेत. बाकीचे ईमेलच्या ड्राइव्हवर ठेवावेत, किंवा गावाकडे भावाच्या, मावशीच्या घरी एक डिस्क ठेवावी.

प्रत कधी काढायची हे विसरू नये म्हणून आम्ही एक दिवस सुचवतो. दर पौर्णिमेला आपण वंदना घेतो, विहारात जातो. त्याच संध्याकाळी घरातल्या जाणत्या मुलाने किंवा मुलीने हार्ड डिस्क काढावी, महिन्याभराचे नवे कागद व फोटो उतरवावेत आणि एक-दोन फाइली उघडून खात्री करावी. अर्ध्या तासाचे काम आहे. यामुळे डिस्कही महिन्यातून एकदा फिरते आणि बिघाड असेल तर वेळीच कळतो.

बाजारात गेल्यावर

नवा लॅपटॉप आज बहुतेक एसएसडीचाच येतो. प्रश्न येतो तो कमी पैशात जुना, दुरुस्त केलेला लॅपटॉप घेताना, आणि आपल्यापैकी पुष्कळ जण तोच घेतात. त्यात लाज नाही. बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत किंवा इतर कोठेही जा, पण पुढील गोष्टी पाहूनच पैसे द्या.

एक. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या परफॉर्मन्स भागात डिस्कवर टिचकी मारली की ती एसएसडी आहे की एचडीडी आहे ते लिहिलेले दिसते. तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

दोन. अगदी स्वस्त लॅपटॉपमध्ये ६४ जीबीची ईएमएमसी असते. ती मोबाईलच्या दर्जाची आणि बोर्डावरच पक्की बसवलेली असते. एसएसडी समजून ती घेऊ नका. विंडोजच्या दोन-चार अपडेटमध्ये ती भरून जाते.

तीन. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ दाखवते आणि एक टीबीची डिस्क ९३१ दाखवते. ही फसवणूक नाही. कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १,०२४ने मोजते, एवढाच फरक.

चार. फसवणूक वेगळीच असते. रस्त्यावर किंवा ऑनलाइन फार थोड्या पैशात 'दोन टीबी' मिळत असेल तर ती बहुधा लहान जागेची वस्तू असते आणि तिचा आकडा खोटा असतो. ती भरू लागली की जुना मजकूर नाहीसा होतो. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा एक फुकट प्रोग्रॅम हे तपासून देतो.

पाच. वापरलेला लॅपटॉप असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्रॅम चालवायला सांगा. डिस्क किती तास चालली आहे आणि तिची प्रकृती कशी आहे ते त्यात दिसते. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरे दुकान पाहा.

सहा. जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क असेल आणि बाकी मशीन धड असेल तर मशीन टाकू नका. अडीच इंची साटा एसएसडी त्याच जागी बसते. निघालेली हार्ड डिस्क चांगली असेल तर यूएसबीच्या केसिंगमध्ये घालून घ्या. तीच तुमची कपाटातली डिस्क होईल. घरातला संथ लॅपटॉप नवा न घेताही पुष्कळदा एवढ्यावर मार्गी लागतो. मात्र मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला आहे. तेव्हा त्या मशीनवर विंडोज ११ चालते का हे विचारा. चालत नसेल तर लिनक्स टाकून अभ्यासाचे काम चालवता येते.

सात. एनव्हीएमई नावाची एसएसडी साटापेक्षा कितीतरी वेगवान असते. नव्या लॅपटॉपमध्ये ती आली तर उत्तमच. पण अर्ज भरणे, टाईप करणे, व्हिडिओ पाहणे या कामांत तो फरक जाणवत नाही. केवळ त्यासाठी जादा पैसे मोजू नका. तेच पैसे रॅमला किंवा बाहेरच्या डिस्कला लावा.

आठ. पक्के बिल घ्या आणि वॉरंटी लिहून घ्या. पण वॉरंटी डिस्कची असते, तिच्यातल्या मजकुराची नसते. बिघडली तर कंपनी नवी डिस्क देईल, आजोबांचा दाखला देणार नाही.

नऊ. जुना लॅपटॉप विकताना नुसते डिलीट करून देऊ नका. तुमचे आधार आणि बँकेचे कागद दुसऱ्याच्या हाती लागतील. सगळे पुसून, डिस्क साफ करूनच द्या. ते जमत नसेल तर डिस्क काढून ठेवा.

आई-वडिलांना यातले सगळे कळलेच पाहिजे असे नाही. पण "डिस्क कोणती आहे आणि आपल्या कागदांची दुसरी प्रत कुठे आहे?" हे दोन प्रश्न प्रत्येक आईने आपल्या मुलांना विचारावेत. पहिल्याचे उत्तर दुकानात एकदा मिळते. दुसऱ्याचे उत्तर दर पौर्णिमेला घ्यावे लागते. ज्या विहारांत संगणक जाणणारी तरुण मुले आहेत त्यांनी एखाद्या रविवारी वंदनेनंतर वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांचे जुने दाखले स्कॅन करून द्यावेत आणि प्रत त्यांच्याच हातात द्यावी. आजोबांच्या त्या एका कागदावर नातवंडांचे शिक्षण उभे आहे.

जय भीम!